खालचा आवाज

पानिपतला मराठी माणूस इतिहासापायी जातो. आम्ही गेलो ते गाडीच्या एका आवाजापायी. परत आल्यापासून सांगलीत जो तो विचारतो, "काला अंब पाहिलंत? कसं वाटलं?" मी सांगायला लागतो ते मात्र सायलेन्सरपासून, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारा भरकटला. म्हणून एकदा सगळं क्रमानं लिहूनच काढतो.

फरीदाबाद

माझी थोरली बहीण शालिनीताई लग्न करून फरीदाबादला गेली ती तिथलीच झाली. भाऊजी तिथल्या एका कारखान्यात इंजिनियर होते. ते गेल्यावर, ज्या वयात बायका गुडघ्यांची औषधं बदलत बसतात त्या वयात, ताईनं गाडी चालवायला शिकून घेतली. पांढरी, छोटीशी गाडी. तिच्यातून ती आठवड्यातून एकदा पहाडगंजला जाते. तिथं एक जुनी मराठी शाळा आहे, तिथल्या मुलांना गोष्टी सांगते. मेट्रो थेट घराजवळून जाते, पण ताई म्हणते, "मेट्रोची खिडकी उघडता येत नाही."

मला बोलावून घेतलं ते तिच्या मुलानं, निखिलनं. तो गुरगावला असतो. दिल्लीतच जन्मला आणि वाढला, त्यामुळे त्याचं मराठी म्हणजे आमटीत राजमा पडल्यासारखं.

"मामा, तुम्ही या ना, यार," तो फोनवर म्हणाला. "आई बिल्कुल ऐकत नाही. किती महिने झाले, म्हणते गाडीत आवाज येतो. मेकॅनिकला दाखवली, मी स्वतः चालवून बघितली. काही नाही. आणि परवा तिनं काय केलं माहितीये? बदरपूरच्या फ्लायओव्हरवर मधोमध गाडी थांबवली, खाली उतरली आणि बॉनेटला कान लावला. मागे ट्रकांची लाइन. मामा, एखादा ठोकून गेला असता तर?"

 मला पोराची दया आली.

"तिचे कान बजतात, मामा. तुम्ही तिच्या बाजूला बसा आणि ऐका. तुम्हाला आवाज आला तर मी पूर्ण इंजिन खोलून घेईन, प्रॉमिस. नाही आला तर चावी तुम्हीच तिच्याकडून घ्या. मला ती देणार नाही."

म्हणजे ताईची गाडी राहणार की जाणार हे माझ्या कानांवर ठरणार होतं. आता यातली गंमत अशी की चाक फिरू लागलं की माझी मान पडते. लहानपणापासूनचं आहे. एसटी, टांगा, मोटरसायकल, काहीही चालतं. पाटबंधारे खात्यात होतो तेव्हा साहेबांच्या जीपमधून कालवे बघत हिंडायचो, ते अर्धे कालवे मी झोपेतच पाहिलेत. पाणी वाहतंय, मी वाहतोय, असं काहीतरी वाटत राहायचं. असल्या माणसाला साक्षीदार नेमायचं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगण्यातला प्रकार.

ताईला सगळं माहीत होतं. स्टेशनवर घ्यायला आली ती म्हणतच आली, "आलास का न्यायाधीश?"

"ताई, निखिलला काळजी वाटते."

"वाटू दे ना. पण विश्वास नको वाटायला? माझ्यावर कुणाचा विश्वास उरलाय? विश्वास तर पानिपतातच गेला!"

संक्रांत तोंडावर होती. दिल्लीची थंडी मी ऐकून होतो, पण ती अशी मऊ असेल असं वाटलं नव्हतं. सगळं शहर कुणीतरी दुधात भिजत घातलेलं. झाडं अर्धी, माणसं अर्धी, सूर्य म्हणजे एक फिकट बत्तासा. अशा हवेत गाडीचा हीटर सुरू, पायाशी ऊब, आणि मग काय व्हायचं ते झालं. निजामुद्दीन सोडल्याचं आठवतं. त्यानंतर एकदम ताईचं कोपर.

"आला?"

"काय?"

"आवाज, शऱ्या! आत्ता दोन मिनिटं येत होता."

दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो, तेव्हाही तेच. ताईचा चेहरा इतका पडला की मला राहवलं नाही. म्हटलं, "थोडासा आला असं वाटलं मला."

"कसा होता?"

"असाच. घरघर."

"घरघर माणसाला लागते," ताई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "खोटं नको सांगूस. मला वकील नकोय, साक्षीदार हवाय."

मग तिनंच मला आवाज समजावून सांगितला. बारीक आहे. खडखड नाही, कुरकुर नाही. झिणझिण आहे, धातूची. गाडी चांगली तापली आणि जरा वेगात निघाली की येतो, आणि येतो तो खालून. मी डोळे मिटून नीट ऐकून घेतलं. डोळे मिटायला नको होते, असं नंतर लक्षात आलं.

त्यागीजींचं गॅरेज

फरीदाबाद म्हणजे कारखान्यांचं गाव. तिथं गल्लीगल्लीत गॅरेज आहे आणि गॅरेजवाल्यांना आपण विमानही दुरुस्त करू असा आत्मविश्वास आहे. ताईच्या नेहमीच्या गॅरेजचे मालक त्यागीजी. टापटीप माणूस, हातात टॅब्लेट, गळ्यात डॉक्टरसारखी नळी. आमच्याकडे सांगलीत मिस्त्री आधी "काय म्हणतीय गाडी?" असं विचारतो. त्यागीजींनी आधी चहा विचारला, मग पराठा विचारला, मग माझं महाराष्ट्रात घर कुठं, शिर्डीपासून किती लांब, हे सगळं विचारलं. गाडीवर येईपर्यंत माझी त्यांच्याशी सोयरीक व्हायची वेळ आली होती.

ताई बोलायला लागली तशी मी तिला थांबवलं. हे लोक तिला "आंटी जी, वहम है", नुसता भास आहे, म्हणून वाटेला लावतात, हे मी ऐकलं होतं. म्हटलं, "तू आत हीटरपाशी बस. पुरुषमाणूस बोलला की हे ऐकतात. मी बोलतो."

ताईनं माझ्याकडे एक नजर टाकली आणि ती आत जाऊन बसली.

मी माझ्या ठेवणीतल्या हिंदीत सांगितलं, "भाईसाब, आवाज खाली आता है. एकदम खाली."

"खाली आता है?"

"हां, खाली ही आता है."

"अच्छा, खाली में. समझ गया जी," त्यागीजींनी मान डोलावली. मला फार बरं वाटलं. बघा, नीट सांगितलं की कळतं.

त्यांनी गाडी जागच्या जागी सुरू केली. गिअर नाही, काही नाही. नळीचं एक टोक कानाला, दुसरं इंजिनाला, डोळे मिटलेले. गाडी मांजरासारखी गुरगुरत उभी. टॅब्लेटची वायर गाडीला जोडली, त्यात काही दिसेना. मी हळूच विचारलं, "चलाके नहीं देखेंगे?" ते म्हणाले, "क्या जरूरत है जी, आपने बता तो दिया." मग त्यांनी इंजिनाच्या पुढचा रबरी पट्टा बदलला, काहीतरी फवारा मारून साफ केलं, आणि टाळी वाजवून म्हणाले, "लो जी, अब मक्खन चलेगी."

मक्खन घरापर्यंत चाललं. घराजवळच्या शेवटच्या मोकळ्या रस्त्यावर ताईनं जरा वेग घेतला आणि म्हणाली, "आहे." मला काही ऐकू आलं नाही. या खेपेला मी पूर्ण जागा होतो, ते जास्त वाईट.  निखिल रविवारी येणार होता. त्याच्यापुढं मी काय सांगणार होतो? आणि मनाच्या कोपऱ्यात पहिल्यांदाच विचार आला, पोराचं खरं असलं तर?

पहाडगंज

शनिवारी ताईच्या शाळेत गेलो. पहाडगंजची गल्ली म्हणजे हॉटेलांच्या पाट्या, सुटकेसांचे ढीग, कढईतल्या कचोऱ्या आणि पाठीवर पिशव्या घेतलेले परदेशी लोक. त्या गर्दीतून आत वळलात की एकदम "आज कोण कोण आहे गैरहजर?" असं अस्सल मराठी ओरडणं कानावर येतं. परक्या गावात आपल्या भाषेतलं ओरडणंसुद्धा किती गोड लागतं!

ताईचा एक खेळ असतो. ती वस्तू सांगते, मुलांनी तिचा आवाज सांगायचा. पानं? सळसळ. बांगड्या? किणकिण. ओढा? इथं वर्ग गप्प. ओढा म्हणजे काय हेच कुणाला माहीत नव्हतं. ताईनं फळ्यावर ओढा काढला, दगड काढले, आणि स्वतःच तोंडानं खळखळ करून दाखवली. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, आवाज तर आवाज असतो ना. इतके नावं कशाला?"

"कारण नाव नसलं ना, की ऐकू आलं तरी सांगता येत नाही," ताई म्हणाली. "आणि सांगता आलं नाही की लोक म्हणतात, ऐकूच आलं नव्हतं."

मुलं हसली. मला मात्र हसू आलं नाही. वर्गाच्या खिडकीतून फिकट ऊन येत होतं, खडूची धूळ त्यात तरंगत होती, आणि माझी बहीण त्या धुळीत उभी राहून पोरांना झुळझुळ आणि खळखळ यांतला फरक सांगत होती. ही इथं आली नाही तर हिचा आठवडा कसा जाईल, ते त्या क्षणी मला दिसलं. चावी मागायची म्हणजे हे मागून घ्यायचं होतं.

बाहेर आल्यावर रस्त्याकडेला गरम गाजरहलवा खाल्ला. आपण साजूक तूप म्हणतो ते तिथं देसी घी होतं आणि चमच्यानं नाही, पळीनं येतं. हलवा खाताना ताई अचानक म्हणाली, "या शहरात तुला तो आवाज येणार नाही. इथं हॉर्नखाली सगळंच बुडतं. मोकळा रस्ता पाहिजे. उद्या पानिपतला जाऊ."

"उद्या निखिल येणार आहे."

"संध्याकाळी येणार आहे. तोवर परत येऊ. विश्वास तिथंच गेला ना? तिथंच शोधू."

मुरथलच्या वाटेवर

सकाळी धुकं इतकं दाट की गाडी पुढं जाते आहे की रस्ता मागं येतो आहे, ते कळेना. पुढच्या ट्रकचे लाल दिवे म्हणजे दोन पिकलेली बोरं, त्यांच्या मागोमाग आम्ही. दिल्ली कधी संपली ते दिसलंच नाही. मधूनच धुक्यातून एखादी म्हैस उगवायची, शांतपणे आमच्याकडे बघायची आणि विरघळून जायची. शेकोटीभोवती बसलेली माणसं दिसायची, नुसती घोंगड्यांची टोकं आणि वाफ. सांगलीतलं धुकं सकाळी नदीवरून उठतं आणि आठ वाजता कामाला लागल्यासारखं निघून जातं. हे धुकं मुक्कामाला आलेलं होतं.

मी न झोपण्याची शर्थ केली. लवंग चघळली, मांडीला चिमटे काढले. ताई सावकाश गाडी चालवत होती आणि गुणगुणत होती. एवढ्या संथ चालीत आवाज यायचं कारणच नव्हतं.

मुरथलला ढाब्यांची रांगच आहे. त्यांतल्या एकात शिरलो. तिथं पराठ्यावर लोणी ठेवत नाहीत, लोण्याला पराठा लावतात. बटाट्याचा, मुळ्याचा, कांद्याचा, आणि बरोबर तिखट लोणचं. ताईनं पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची डबी काढली. शेजारच्या टेबलावरच्या सरदारजींनी चौकशी केली, चव घेतली, डोळे पुसले आणि पुन्हा मागितली. त्यांच्या बायकोनं आम्हाला तीळ आणि गुळाची कुरकुरीत गजक बांधून दिली. तिळगुळाची देवाणघेवाण दोन दिवस आधीच झाली म्हणायची.

लोण्याचा परिणाम पोटातून डोळ्यांवर चढायला वेळ लागत नाही. मुरथल सोडलं आणि धुकं फाटलं. दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली, पिवळीधमक, क्षितिजापर्यंत. ओलसर पिवळा रंग इतका की बघता बघता डोळ्यांतच भरला. ताईनं वेग वाढवला. ऊन काचेतून मांडीवर आलं. मी म्हटलं, फक्त एक क्षणभर डोळे मिटतो.

आणि मी आमच्या जुन्या स्वयंपाकघरात होतो. खिडकीबाहेर मोहरीच मोहरी, खरं तर तिथं खिडकीबाहेर गोठा होता. चुलीवर भाताचं पातेलं. आई कुठंतरी गेलेली, आणि मला सांगून गेलेली, लक्ष ठेव रे. मी लक्ष ठेवून होतो. पातेल्यावरचं पितळी झाकण हळूहळू वाफेवर नाचायला लागलं. आधी बारीक, मग जरा जोरात. झिणझिणझिणझिण. मला उठायचं होतं, पण ते इतकं सुंदर वाजत होतं की उठवेना. पांढरा फेस कडेनं वर यायला लागला.

"ताई!" मी ओरडलो. "भात ओतू जातोय!"

ताईनं दचकून गाडी कडेला घेतली. तिनं वेग कमी केला तसा आवाज थांबला. मी टक्क जागा होतो. पातेलं नव्हतं, चूल नव्हती. पण थांबला तो आवाज स्वप्नातला नव्हता, तो गाडीतला होता. माझ्या तळपायांना अजून त्याच्या मुंग्या जाणवत होत्या.

"काय म्हणालास?" ताईनं विचारलं.

"झाकण," मी म्हणालो. "झाकण वाजत होतं. ताई, मी ऐकलं. शपथ, ऐकलं!"

 ताई स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत राहिली. मग म्हणाली, "झाकणच आहे रे. सैल झाकण. मला इतके महिने हा शब्द का सुचला नाही?"

पुन्हा गाडी सुरू केली, वेग घेतला. आला! पाय उचलला, गेला. पुन्हा वेग, पुन्हा आला. दोन म्हाताऱ्या भावंडांनी हमरस्त्यावर तो खेळ कितीदा खेळला असेल ते मोजलं नाही. दर वेळी आवाज आला की आम्ही दोघं एकदम "आला!" म्हणून ओरडायचो.

सतबीरचं दुकान

पानिपतच्या अलीकडे रस्त्याकडेला एक गॅरेज दिसलं. मालकाचं नाव सतबीर. उंचापुरा, मिशाळ, डोक्याला लोकरी मफलर. तो आधीच एका ट्रॅक्टरवर वैतागलेला होता. मी विजयाच्या धुंदीत उतरलो आणि म्हणालो, "आवाज मिल गया! खाली देखो, खाली!"

सतबीर गाडीच्या मागं गेला. डिक्की उघडली. आत बघितलं. मग मागची सीट बघितली.

"खाली पडी सै, ताऊ," तो म्हणाला. "कुछ भी ना है इसमें."

"अरे, खाली!" मी बोटानं जमिनीकडे दाखवू लागलो.

"हां, तो खाली ही बोलूँ सूँ मैं भी!"

माझ्यामागून विचित्र आवाज आला. वळून बघितलं तर ताई बॉनेटला टेकून हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "शऱ्या," ती कशीबशी म्हणाली, "खाली नव्हे रे, नीचे! इथं खाली म्हणजे रिकामं!"

मग तिचं हसू हळूहळू थांबलं. "तू त्यागीजींना काय सांगितलं होतंस?"

मी सांगितलं.

"म्हणजे तू त्यांना सांगितलंस, गाडी रिकामी उभी असतानाच आवाज येतो. म्हणून त्यांनी बिचाऱ्यांनी उभ्या गाडीचं इंजिन तपासलं. आणि मला हीटरपाशी बसवलंस. पुरुषमाणूस बोलला की ऐकतात, नाही का?"

"ऐकलं ना त्यांनी," मी म्हणालो. "मी बोललो तेच ऐकलं."

सतबीरलाही आता मजा वाटायला लागली होती, पण आवाजावर त्याचा काही विश्वास नव्हता. "अम्मा, पुरानी गाडी सै, कुछ तो बोलेगी," असं म्हणत त्यानं जॅक लावून गाडी उचलली. ताई ऐकेना. पदर खोचून सरळ उकिडवी बसली आणि म्हणाली, "भैया, नीचे कोई ढक्कन है क्या? पतला, टीन का? वो देखो."

ढक्कन होतं. इंजिनातून धूर मागं सायलेन्सरपर्यंत नेणारी नळी तापते, तिची धग वर गाडीला लागू नये म्हणून तिच्यावर पातळ पत्र्याचं आवरण बसवलेलं असतं. त्याचा पुढचा बोल्ट गंजून गळून पडला होता. पत्रा एका बाजूनं सुटा होता. वेगात निघाली की नळी थरथरायची आणि पत्रा तिच्यावर नाचायचा. सतबीरनं पान्याच्या टोकानं त्याला हलकेच टिचकी मारली.

झिण्ण.

मी ताईकडे पाहिलं. एखाद्या माणसाला खोटं ठरवून महिनोन्महिने कोंडून ठेवावं आणि मग एकदम दार उघडावं, तसा तिचा चेहरा होता. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"रुको भैया, अभी मत लगाओ," ताई म्हणाली आणि निखिलला फोन लावला. फोन गाडीखाली धरला. "ऐक," एवढंच म्हणाली. सतबीरला आता नाटकात भाग मिळाल्याचा आनंद झालेला. त्यानं दोन-तीनदा चांगल्या सणसणीत टिचक्या मारल्या.

"अरे हां!" फोनमधून निखिल ओरडला. "आई, आला! साफ आला! हे तर... ओह. आई, सॉरी. सच में सॉरी. तू बरोबर होतीस, यार."

"मामाला स्वप्नात ऐकू आला," ताई म्हणाली. तिचा आवाज इतका हलका मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

सतबीरनं पाण्याच्या पाइपाला लावतात तशी एक स्टीलची पट्टी नळी आणि पत्रा यांच्याभोवती गुंडाळून आवळली. एवढंच काम. मग शेजारच्या शेतातला मुळा उपटून, धुऊन, मीठ लावून आम्हाला खायला दिला. पुढचा रस्ता आम्ही वेगात काढला. चाकांखालच्या रस्त्याचा आवाज, वाऱ्याचा आवाज, बस्स. झिणझिण नाही.

काला अंब

काला अंबला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. लांबलचक बाग, मधून वाट आणि टोकाला तो स्तंभ. इथं एक आंब्याचं झाड होतं म्हणतात, रक्तानं काळं पडलेलं. आता ते नाही. महाराष्ट्रातून आलेला एक जथा होता, कोल्हापूरकडचा असावा. त्यांनी चपला काढल्या, वाकून तिथली माती कपाळाला लावली. कुणी भाषण केलं नाही. एका बाईनं पिशवीतून तिळगुळ काढून सगळ्यांच्या हातावर ठेवला, आमच्याही. मग ते निघून गेले आणि बाग एकदम रिकामी झाली.

आम्ही दोघं एका बाकावर बसलो. ऊन तिरपं आणि मधाच्या रंगाचं. दूरवर पुन्हा धुक्याची साय धरायला लागली होती. पोपटांचा एक थवा गेला, आणि नंतर काहीही नाही. एवढी शांतता मी दिल्लीकडे आल्यापासून ऐकली नव्हती. ज्या जागी एवढा आक्रोश झाला, तिथं इतकं शांत कसं असू शकतं, असा विचार करत मी बसलो होतो. मन कसं पाण्यासारखं पसरलं होतं.

"शऱ्या," ताई हळूच म्हणाली.

"अं?"

"गाडी बंद आहे ना?"

"बंद करून किल्ली तूच पर्समध्ये टाकलीस."

"हो." तिनं पर्स चाचपून पाहिली. "मग हे काय वाजतंय?"

मी कान दिला. पान हलत नव्हतं. मी तिच्याकडे वळून पाहिलं, आणि तिनं मान खाली घातली.

"मला वाटायचं, गाडीतलाच आवाज कानात उरलाय," ती म्हणाली. "घरी निजताना यायचा, तेव्हा वाटायचं, फ्रिज असेल. आज गाडीतला गेला, आणि हा तसाच आहे. बारीक. झिणझिण. डाव्या बाजूला."

 आत्ता तासाभरापूर्वी ही बाई गाडीखाली फोन धरून हसत होती. मी म्हणालो, "कुणाला सांगायची काय गरज आहे? गाडीतला आवाज खरा होता, तो सापडला, निखिलनं माफी मागितली. झालं. मी कुणाला बोलणार नाही."

"तू नाहीच बोलणार. मी बोलणार आहे."

"ताई, तो आजच्या आज किल्ली काढून घेईल."

"घेईल कदाचित." तिनं पर्समधून फोन काढला.  "पण इतके महिने माझं खरं असताना कुणी ऐकलं नाही, तेव्हा किती लागलं मला ते माझं मला ठाऊक. आता अर्धं खरं सांगून गाडी चालवू? मग निखिलनं माझ्यावर विश्वास ठेवला काय आणि नाही ठेवला काय, सारखंच."

तिनं फोन लावला आणि माझ्यासाठी तो स्पीकरवर टाकला.

"निखिल, गाडीतला आवाज खरा होता."

"हो आई, ऐकला ना मी."

"आणि तू म्हणत होतास तेही खरं आहे. माझे कान वाजतात. दोन आवाज होते, राजा. एक गाडीचा, एक माझा. गाडीचा आज गेला."

 मागं त्याच्या घरातला टीव्ही लागलेला होता, तो कुणीतरी बंद केला. ताईनं फोन दोन्ही हातांत धरला होता.

"हॉर्न ऐकू येतात मला," ती म्हणाली. "सगळं ऐकू येतं. हे त्याच्यावर वाजतं, एवढंच. तरीही मला डॉक्टरकडे ने. ते म्हणाले नको चालवू, तर नाही चालवणार. आत्ता सांग, आम्ही इथं पानिपतला आहोत. तू येतोस का घ्यायला?"

 मला वाटलं, आता निखिल म्हणेल, तिथंच थांबा, मी निघालो.

"नको," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "तू चालवत ये, आई. मी घरी तुझी वाट बघतो."